फक्कीच्या आतलं शेणखत

नाव : हिराबाई बारकू दुधाळे.
वय : अठ्ठावन्न.
गाव : करवंदपाडा, वैशाखऱ्याजवळ.
शेणखत पसरण्याचा पूर्वानुभव :

या रकान्यापाशी सुनेचा अंगठा मोबाइलवर अडला.

"आई, अनुभव किती वर्षांचा टाकू?" भाविकाने विचारलं.

"टाक, चालाय लागले तवापासून!" हिराबाई ओरडली. "आनि खाली लिव, की शिकवणाऱ्यानं पयलं माझ्याकडं शिकून जावं! मना शेण शिकवतात! मना! बघ तू, पयल्या नंबरानं पास होते. अख्ख्या पाड्यात सर्टिफिकेटवाली मी एकटीच असेन, एकटीच!"

हे शेवटचं वाक्य लक्षात ठेवा. हिराबाईला ते पुढे फार महाग पडलं.

आता एवढं चिडायला झालं काय होतं? तर झालं होतं गेट. पाड्यातून शेतांकडे जाणाऱ्या वाटेवर तीन वर्षांपूर्वी पाच बंगले उठले. बंगले उठले म्हणून त्यांची सोसायटी झाली, सोसायटी झाली म्हणून वाटेवर गेट आलं, आणि गेट आलं म्हणून नियम आले. पाड्याची घरं गेटाच्या अलीकडे, खाचरं पलीकडे. त्यातलं हिराबाईचं खाचर थेट पहिल्या बंगल्याच्या लॉनला चिकटलेलं. मध्ये फक्त एक बांध. त्या बंगल्याचे साहेब शनिवार-रविवार शुद्ध हवा खायला यायचे आणि हिराबाईचं खत नेमकं त्या हवेत असायचं.

साहेबांनी अर्ज केला. हिराबाईने शिव्या दिल्या. साहेबांनी आणखी एक अर्ज केला. हिराबाईने शिव्या वाढवल्या. शेवटी सरपंच इतके वैतागले, की त्यांनी दोघांना समोर बसवून कागद केला : 'गेटातून शेणखत जाऊ द्यावे. मात्र पाड्यातील कोणाचेही असो, ते खत पसरणारी व्यक्ती प्रमाणपत्रधारक असावी.'

"आना इकडं!" म्हणून हिराबाईने रागारागात अंगठा ठोकला. सही येत होती तरी अंगठा ठोकला, कारण सहीला जोर लागत नाही.

मे संपत आलेला. दोन म्हशी आणि एक बैलजोडी, यांची वर्षभराची कमाई गोठ्यामागच्या उकिरड्यात रचलेली. ती पावसाआधी खाचरात पडली तर वर्षाचा भात. नाही पडली तर पहिल्या सरींबरोबर सगळी ओहोळात. मधलं काही नाही.

म्हणून मुरबाड. म्हणून 'भूमिगंध कौशल्य केंद्र'. म्हणून दोन दिवस प्लास्टिकच्या खुर्चीत.

शिकवायला प्रणित सर होते. वय सव्वीस, शर्ट पांढरा, बूट पांढरे. त्यांनी भिंतीवर एक गाय दाखवली. गाय इतकी स्वच्छ होती, की ती शेण टाकत असेल यावर हिराबाईचा विश्वासच बसेना.

लेखी परीक्षेचा कागद अजून भाविकाकडे आहे. त्यातला थोडा भाग :

प्रश्न १. खत पूर्ण कुजले आहे हे कसे ओळखाल?
उत्तर : हातात घेऊन.
(शेरा : चूक. तापमापकाने.)

प्रश्न २. खत पसरताना वाऱ्याची दिशा का पाहावी?
उत्तर : बंगला कुठल्या अंगाला हाय ते बघाया.
(शेरा : अर्धा गुण. नंतर खोडलेला.)

प्रश्न ३. खत हाताळल्यानंतर प्रथम काय करावे?
उत्तर : दुसरी पाटी उचलावी.
(शेरा : !!!)

पन्नासपैकी अकरा! आता प्रात्यक्षिकात नव्वद पडल्याशिवाय सुटका नव्हती. प्रणित सर सांगू लागले, "प्रात्यक्षिक तुमच्याच शेतावर, गुरुवारी. आम्ही फक्कीने, म्हणजे चुन्याच्या भुकटीने, रेघ मारून देऊ. रेघेचा नियम मोडला, तर थेट नापास. हातात मोजे सक्तीचे, आणि रेघेचा नियम असा, की..."

"मोजे?" हिराबाई उठली. "शेणाला मोजे? मंग लोण्यालाबी घालू का? भाकरी थापताना घालू? का रे, तुझी आई गोठ्यात मोजे घालते का?"

"मावशी, माझी आई बँकेत आहे."

"तरीच!"

हे भांडण दहा मिनिटं चाललं. तेवढ्या वेळात रेघेचा नियम काय तो भिंतीवर झळकला, सरांनी वाचून दाखवला, बाकीच्यांनी वहीत उतरवला. हिराबाई तेव्हा मोज्यांत अडकलेली होती. पण तिला विचारायची गरजच वाटली नाही. फक्कीच्या रेघेचा अर्थ करवंदपाड्यात शेंबडं पोरही सांगेल! कबड्डी खेळायची, फक्की मारा, आत खेळा. मांडव घालायचा, फक्की मारा, आत खांब रोवा. घराचा पाया, फक्की मारा, आत खणा. जे काय करायचं ते रेघेच्या आत. यात शिकण्यासारखं काय आहे?

घरी आल्या आल्या तिने सावड सांगितली. म्हणजे आज तुम्ही चौदाजण माझ्या शेतावर या, मग मी तुमच्या चौदाजणांच्या शेतांवर एकेक दिवस येईन. पाड्यात खत असंच पडत आलंय.

"परीक्षा तुझी आनि घाम आमचा का गो?" महिपत म्हणाला. ट्रॅक्टर त्याचा होता, त्यामुळे तो थोडं जास्त बोलत असे.

"पसरायला मी हायच. पन नुसतं बघत ऱ्हाऊ नका!" हिराबाईने बजावलं. "आनि ऐका. तो पांढऱ्या बुटाचा रेघ मारंल. रेघेच्या आत सगळा उकिरडा खाली झाला पायजे. रेघेच्या भायेर एक कण गेला, तं त्यो मना नापास करंल आनि मी तुमची तंगडी मोडीन!"

मोज्यांपेक्षा हे चौदाजणांनी जास्त लक्ष देऊन ऐकलं.

गुरुवार. सकाळी आठ.

प्रणित सर आले. बंगलेवाल्या साहेबांनी आदल्या दिवशीच त्यांना फोन करून सांगितलं होतं, की माझ्या लॉनच्या आसपास काही पडता कामा नये. सर सरळ माणूस. त्यांनी अख्ख्या लॉनभोवती फक्कीची जाड, ठसठशीत चौकट मारली. लॉनवरच्या आंब्याच्या सावलीत दोन खुर्च्या मांडल्या, बॅनर बांधला, बॅग ठेवली. मग मोबाइल काढला. रेंज नाही!

"मावशी, ॲपमध्ये तुमची हजेरी लागल्याशिवाय सुरू करता येणार नाही. ओटीपी लागेल. रेंज कुठे मिळते?"

"टेकाडावर."

"चला."

टेकाडावर रेंज होती. ओटीपीही गेला. पण गेला हिराबाईच्या मुलाच्या, हरेशच्या नंबरावर, कारण फॉर्मवर तोच नंबर होता. हरेश भिवंडीच्या एका गोदामात. तिथे कामावर चढताना फोन कपाटात ठेवून घेतात, जेवणाच्या सुट्टीशिवाय देत नाहीत.

"मी हिते तुझ्यासमोर हुबी हाय!" हिराबाई किंचाळली. "दिसत नाय का तुला? हजर हाय का नाय मी? मंग भिवंडीला काय विचारतोस?"

"ॲपला दिसत नाही ना, मावशी."

"मंग त्याला चष्मा लाव!"

पाच वेळा ओटीपी गेला. पाच वेळा तो मेला. हिराबाईने टेकाडावरून भिवंडीच्या दिशेने हरेशला इतक्या शिव्या हाणल्या, की फोनची गरज नव्हती. खाली काय चाललंय ते झाडीतून दिसत नव्हतं. फक्त ट्रॅक्टरचा आवाज येत होता. 'आला वाटतं महिपत,' तिला बरं वाटलं. त्या दिवसातलं तेवढंच एक बरं वाटणं.

साडेबाराला हरेशला फोन मिळाला, ओटीपी आला, हजेरी लागली. दोघं टेकाड उतरली.

आणि प्रणित सर होते तिथेच उभे राहिले.

लॉन नव्हतं.

म्हणजे जागा होती. चौकट होती. आंबा होता. पण हिरवं काही नव्हतं. चौकटीच्या आत, या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत, वीतभर जाडीचा, काळाभोर, दाताळ्याने ओढून सारखा केलेला थर पडला होता. जणू कुणी चादर अंथरून चारही बाजूंनी खोचली होती. खुर्च्यांच्या पायांमधूनही खत नीट भरलेलं होतं. सरांची बॅग चौदाजणांतल्या हौसाने उचलून खुर्चीवर ठेवली होती, मळू नये म्हणून. आणि फक्कीची रेघ? पांढरीशुभ्र! तिच्या बाहेर एक कण नाही.

बांधापलीकडे हिराबाईचं खाचर कोरडं, भेगाळलेलं पडलं होतं.

चौदाजण घाम पुसत ओळीत उभे होते. बंगल्याचा माळी सावळारामही त्यांच्या शेजारी उभा होता. गेट त्यानेच उघडलं होतं, आणि मग सावडीला रिकामा कसा उभा राहू, म्हणून पाटीही उचलली होती.

"तू आली नाय, टाइम चालला," महिपत म्हणाला. "मंग आमीच उरकलं. एक कण भायेर नाय. बघून घे!"

तेवढ्यात बंगल्याच्या भिंतीवरचा कॅमेरा साहेबांच्या आवाजात बोलला. "ए! कौन है उधर? मेरे लॉन पे क्या डाला?"

हौसाने कॅमेऱ्याला हात जोडले. "परीक्षा हाय साहेब! या ना तुमीबी!"

"मावशी," प्रणित सर रेघेकडे बोट दाखवत म्हणाले. "रेघेच्या आत टाकायचं नाही! ही रेघ म्हणजे... इथे खत नको, म्हणून रेघ! आत नाही! बाहेर!"

"नको तं रेघ मारतोस कशाला?" हिराबाई भडकली. "नको तिथं काय नसतं! रेघ मारतात ती काय करायचं असलं म्हंजे मारतात! दुनियेत कुनी न खेळायला कबड्डीचं मैदान आखतं का?"

"मी वर्गात दहा मिनिटं सांगितलं होतं!"

"तवा तू मोज्यावर भांडत होतास!"

"मी?"

यावर हिराबाई गप्प झाली. लग्नानंतर दुसऱ्यांदा, असं तिचा नवरा बारकू सांगतो. पहिल्यांदा कधी, ते तो सांगत नाही.

ॲप मात्र सुरू झालं होतं आणि भरल्याशिवाय बंद होत नव्हतं. टेकाडावर परत जाऊन सरांनी भरलं :

खत पूर्ण पसरले का? होय.
थर समान आहे का? होय.
आखलेल्या रेघेचे काटेकोर पालन झाले का? (सर इथे बराच वेळ थांबले.) होय.
हातात मोजे होते का? नाही.
एकूण गुण : ९७.
अभिनंदन!

'खत कुठे पसरले' असा रकाना ॲपमध्ये नव्हता. आणि 'कुणी पसरले' असाही नव्हता.

प्रमाणपत्र तिथल्या तिथे मोबाइलवर आलं. हिराबाईचा फोटो, सोनेरी किनार. खाली लॉनवर वर्षभराचं शेण.

"उठाओ ये सब!" सर खाली आले, तरी कॅमेरा ओरडतच होता.

"उचलतेच! माझंच हाय ते!" हिराबाईने पाटी घेतली. तिचं आणि बंगलेवाल्याचं पहिल्यांदाच एकमत झालं होतं, आणि नेमकं तेव्हाच प्रणित सर आडवे आले.

"मावशी, तुमचं प्रमाणपत्र पसरण्याचं आहे. पडलेलं खत उचलण्याचं प्रशिक्षण वेगळं. पुढची तुकडी दसऱ्यानंतर."

साहेबांनी नंतर सोसायटीचे नियम चार वेळा वाचले. विनाप्रमाणपत्र उचल करण्यास मनाई, नियम अकरा. तो त्यांनीच घातला होता, स्वतःच्या सहीने. नियम बदलायचा तर सभा, आणि बाकीचे चार बंगलेवाले दिवाळीपर्यंत फिरकणार नव्हते. खत तिथेच राहिलं.

हिराबाईच्या खाचराचं काय? पाड्याने घराघरातून चार-चार पाट्या खत काढून दिलं. देताना प्रत्येकाने एकच विचारलं, "रेघेच्या आत टाकशील का भायेर?" तिने दात आवळून प्रत्येक पाटी घेतली. भात कसाबसा भागणार होता.

ते पसरायला ती खाचरात उतरली, तर चौदाजण येऊन बांधावर बसले. चहाची किटली घेऊन!

"बसलात काय? हात लावा की!"

"आमी कसा लावू?" महिपत म्हणाला. "कागदावर काय लिवलंय? सर्टिफिकेटवालीच पसरनार. आख्ख्या पाड्यात तू एकटीच. आनि आता गेटाव सावळारामला साहेबानं मोबाइल दिलाय, फोटो काढून धाडाय."

सावळारामने मान हलवली आणि फोटो काढला. हिराबाई एकटीने पसरत राहिली. मोजे घालून. फोटोत मोजे दिसले पाहिजेत, असा साहेबांचा निरोप होता.

शेवटची पाटी रिकामी करून तिने कंबर सरळ केली, तर महिपत बोटं मोजत होता.

"मंग उद्या माझ्याकडं. परवा हौसाकडं. तेरवा बाईजाकडं. चौदा दिस भरतात बग गो. सावड फेडायची ना?"

आभाळ माळशेजच्या अंगाने काळवंडू लागलं होतं. हिराबाईने पाटी उचलली. घरी आली, हात न धुता पडवीत बसली आणि तिने सुनेला हाक मारली.

"भाविका! त्यो फारम काढ मोबाइलात."

"कसला, आई?"

"पसरायचाच. पयला महिपतचा भर. मंग हौसाचा. मंग बाईजाचा. चौदाच्या चौदा भर! ओटीपी कुठं जायाचाय तो जाऊ दे!"

भाविकाने फॉर्म उघडला. नाव, वय, गाव भरलं. मग तिचा अंगठा परत त्याच रकान्यापाशी अडला.

"पूर्वानुभव काय टाकू?"

"सायबाचं लॉन," हिराबाई म्हणाली.