बंडोपंतांची अचूक नजर

कोणत्याही शर्यतीत सगळ्यात महत्त्वाचा माणूस तो, जो जागचा हलत नाही. घोडे धावतात, स्वार धावतात, मालक त्यांच्यामागे धावतात, गावातली कुत्री काही कारण नसताना धावतात. पण जिंकलं कोण हे ठरवणारा बसलेला असतो, आणि म्हणून त्याला खुर्ची लागते. आमच्या जत्रेतल्या घोड्यांच्या शर्यतीला १९९२ साली नवा निशाणपंच हवा होता (आधीचे पंच निकाल सांगून घाईघाईने उमरग्याच्या बसमध्ये बसले, ते अजून परतलेले नाहीत). तेव्हा जत्रा समितीने पात्रतेच्या तीन अटी ठरवल्या. उमेदवाराकडे घोडा नसावा. त्याच्या पाहुण्यारावळ्यांत कोणाकडे घोडा नसावा. आणि खुर्ची स्वतःची आणावी.

तिसऱ्या अटीवर सगळे गळाले. उरले एकटे बंडोपंत.

बंडोपंत बसवकल्याणला एका कचेरीत दप्तर सांभाळायचे. अक्षर असं, की नुसती रजेची चिठ्ठी लिहिली तरी वाचणाऱ्याला वाटावं आपल्याला पदवी मिळाली. सासऱ्यांनी दिलेली एक शिसवी खुर्ची त्यांच्याकडे होती. एकूण माणूस पदासाठीच जन्मलेला. अडचण एकच होती, आणि ती त्यांची बायको जानकीबाई सोडून कोणाला ठाऊक नव्हती. बंडोपंतांना घोड्याची भीती वाटायची. साधीसुधी नाही, पाचावर धारण बसायची. आठव्या वर्षी मुंजीच्या मिरवणुकीत वाजंत्र्यांच्या घोड्याने त्यांचं नवंकोरं तुळतुळीत डोकं सगळ्या गावादेखत चाटलं होतं. तेव्हापासून घोडा वीस पावलांच्या आत आला की त्यांचे डोळे आपोआप मिटायचे.

"अहो, कशाला हो म्हणालात?" जानकीबाईंनी विचारलं.

"घाबरू नकोस. मी बसणार, घोडा पळणार. आमची गाठ पडायचीच न्हाई."

पहिल्या शर्यतीला सात घोडे सुटले. टापा जवळ आल्या, बंडोपंतांनी दातावर दात ठेवून डोळे मिटले, आणि उघडले तेव्हा समोर फक्त धुरळा होता. त्या धुरळ्यातून मालक धावत आले. "माझा पहिला!" "डोळ्यानं बघितलाव की अण्णा, माझाच!" पंतांनी काहीच बघितलं नव्हतं. पण दप्तर सांभाळणाऱ्या माणसाला मोजायची सवय असते. त्यांनी मोजले. मालक सहा. घोडे तर सात. सातवा मालक कल्लप्पा दूर चिंचेखाली लगामाला लोंबकळत होता, कारण त्याचा घोडा इतका जोरात आला होता की थांबायलाच तयार नव्हता.

बंडोपंतांनी तांबडं निशाण वर केलं. "कल्लप्पा!"

जत्रा शिट्ट्यांनी दणाणून गेली. काय नजर आहे माणसाची! एवढ्या धुरळ्यात!

अशा रीतीने शर्यतशास्त्रात एका नव्या तत्त्वाची भर पडली. जो भांडायला येतो तो हरलेला असतो. जिंकणारा घोडा आवरण्यात गुंतलेला असतो. १९९२ ते २०१० या एकोणीस वर्षांत एकोणीस शर्यती झाल्या. सालाला सरासरी सहाप्रमाणे एकशे चौदा तक्रारी आल्या आणि तक्रार आली हाच पराभवाचा पुरावा मानून त्या सगळ्या फेटाळण्यात आल्या. एकही निकाल चुकला नाही. (जगातल्या कोणत्याही न्यायालयाने हा आकडा आपल्या आकड्याशेजारी ठेवून बघावा.) १९९४ साली पुण्याला नोकरीला लागलेल्या पुतण्याने पंतांना काळा चष्मा आणून दिला, आणि मिटलेल्या डोळ्यांची उरलीसुरली काळजीही मिटली. मुडबीपासून मन्नाएखेळ्ळीपर्यंत लोक म्हणायचे, पंतांनी चष्मा लावला की घोड्यालासुद्धा घाम फुटतो.

दरम्यान देशात नवं वारं शिरलं. गावात टीव्ही आले, मग टेलिफोनचे बूथ, मग खिशातले फोन. तरणी माणसं पुण्या-हैदराबादला गेली, घोडे बाजारात गेले. पण समिती काळाच्या मागे राहिली नाही. घोडे जसे कमी होत गेले तसे पदाधिकारी वाढत गेले, आणि शर्यतीची एकंदर भव्यता कायम राखण्यात आली. २०११ साली घोडे चार होते आणि पदाधिकारी एकतीस. त्यांत गुलालप्रमुख, शालप्रमुख, खूण तपासनीस, आणि पंचांच्या खुर्चीला सावली धरणारे सावलीप्रमुख व त्यांचे सहायक यांचा समावेश होता. प्रेक्षकांनीही सुधारणा केली. धुरळ्यात नाहीतरी काही दिसत नाही, हे ओळखून त्यांनी घोड्यांकडे बघणंच सोडलं. घोडे जवळ आले की आठ हजार माना निशाणाकडे वळायच्या. लाउडस्पीकरवर शर्यतीचं वर्णन करणारा, घोडेमालक अंबाजीचा भाऊ तर शर्यतीकडे पाठ करूनच बोलायचा.

त्या वर्षी चार घोड्यांत एक घोडी नागूबाईची होती. नागूबाईच्या घरची मेंढरं कधीच गेली, मेंढरांमागे फिरायचा तंबू गेला. तंबू वाहणाऱ्या घोडीच्या वंशातली ही एक तेवढी दारात उरली होती. आमच्याकडे घोड्याची नोंद मालकाच्या नावाने होत नाही, अंगावरच्या खुणेने होते. मालक बदलतो, खूण बदलत नाही. नागूबाईच्या घोडीची नोंद होती : रंग तांबडा, कपाळावर चांदणी, मागचा डावा पाय गुडघ्यापर्यंत पांढरा, स्वभाव तापट (हा शेवटचा शेरा तपासनीसाने लाथ खाल्ल्यावर घातला). तिच्यावर बसायचा नागूबाईचा मुलगा मल्लेश, आणि त्या दिवशी सकाळी त्याने आईला स्वच्छ सांगितलं होतं.

"माय, यंदा पहिली आली तर ठिवू. वर्षाचा हरभरा समिती देतीया. न्हाई आली तर उमरग्याचा वरातीवाला मागायलाय, त्याला देऊन मी हैदराबादला चाललो. एका पोटाची मजुरी दोन पोटांला पुरत न्हाई."

नागूबाईने घोडीच्या कपाळाला हळद लावली आणि पाण्याची घागर घेऊन रेषेजवळ, अगदी पंचांच्या खुर्चीच्या बाजूला, उभी राहिली.

सुटायचं निशाण पडलं. घोडे सुटले. नागूबाईची घोडी पहिल्यापासून पुढे होती आणि दोन घोड्यांचं अंतर राखून रेषेपार गेली. हे नागूबाईने बघितलं, कारण त्या मैदानात शर्यत बघणारी ती एकटीच होती. मग तिने सहज बाजूला बघितलं. चष्म्याच्या काडीमागून तिला पंतांचे डोळे दिसले. घट्ट मिटलेले, चेहरा घामाने डबडबलेला.

"अगं बाई, पंतअण्णाला घेरी आली!" म्हणत ती घागर घेऊन धावली.

बंडोपंतांनी डोळे उघडले आणि सवयीप्रमाणे मोजलं. समोर कल्लप्पा ओरडत होता. अंबाजी ओरडत होता. नागूबाई घागर हलवत काहीतरी ओरडत होती. घोडे चार, मालक तीन. चौथा मालक नागराज आला नव्हता, कारण तो लांब उभा राहून नव्या मोबाइलवर जत्रेचा व्हिडिओ काढण्यात दंग होता.

बंडोपंतांनी निशाण वर केलं. "नागराज!"

नागराजचा घोडा त्या वेळी अजून वाटेत होता. टाळ्या सुरू झाल्यावर तो आला, एवढी माणसं बघून बुजला आणि रेषेच्या अलीकडेच थांबला. गुलालप्रमुखांनी तिथे जाऊन त्याला गुलाल लावला.

दुसऱ्या दिवशी सकाळी नागूबाई बंडोपंतांच्या दारात आली. जानकीबाईंनी तिला बसायला पाट दिला, पण ती उभीच राहिली.

"अण्णा, मी भांडायला न्हाई आले ओ. कालबी न्हाई आले. पाणी घेऊन आले हुते. तुमचे डोळे कामून मिटले हुते?"

बंडोपंतांनी हातातली कपबशी खाली ठेवली. वीस वर्षांत कोणी त्यांच्याकडे काळजीने धावत आलं नव्हतं. त्यामुळे तत्त्वात तशी तरतूदच राहिली नव्हती. त्यांना लाज वाटली, मनापासून वाटली. खुर्ची जाईल, चष्मा जाईल, 'पंचसाहेब' ही हाक जाईल. जाऊ दे.

"अक्का," ते म्हणाले, "तुझी घोडी जिंकली. मी आज सांगतो सगळ्यांना."

देवळासमोर समितीची बैठक बसली. नागराजच्या मोबाइलवरचा व्हिडिओ एकतीस जणांनी पाळीपाळीने बघितला (सावलीप्रमुखांनी दोनदा). तांबडी घोडी सगळ्यांच्या आधी रेषेपार जाताना स्पष्ट दिसत होती. वाऱ्याने चष्मा घसरलेले बंडोपंतही स्पष्ट दिसत होते. मग बंडोपंत उठले आणि म्हणाले, "मंडळी, मी डोळे मिटले होते. वीस वर्षं मिटतोय. मला घोड्याची भीती वाटते."

समितीचे अध्यक्ष हणमंतराव हळूच उभे राहिले. त्यांचे डोळे पाणावले होते.

"बघा," ते म्हणाले, "याला म्हणायचं मोठेपण! पंच डोळे उघडे ठेवला की त्याला घोडा दिसायलाय. घोडा दिसला की मालक दिसायलाय. मालक दिसला की त्याचं गाव, त्याची भावकी, मागल्या साली त्यानं जेवायला बोलावलं का न्हाई, सगळं दिसायलाय. आमच्या पंतांनी वीस वर्षं कुणाचंच तोंड बघितलं न्हाई! वाजवा की ओ टाळ्या, का हात बांधलाव?"

टाळ्या इतक्या झाल्या की देवळातली पाखरं उडाली. ठराव क्रमांक एक तिथल्या तिथे मंजूर झाला : यापुढे निशाणपंचांनी शर्यत पूर्ण होईपर्यंत डोळे मिटणे बंधनकारक राहील, उघडे आढळल्यास बडतर्फ.

"आणि घोडी?" बंडोपंत ओरडले. "नागूअक्काच्या घोडीचं काय?"

हणमंतराव दिलदार माणूस. निशाण एकदा वर झालं की खाली येत नाही, हे त्यांनी समजावून सांगितलं. पण विशेष प्रथम क्रमांक द्यायला कोणाची हरकत नव्हती. ठराव लिहायचं काम साहजिकच बंडोपंतांकडे आलं. नागूबाई देवळाच्या पायरीवर बसली होती, मल्लेश घोडीचा लगाम धरून लिंबाखाली उभा होता. बंडोपंतांनी आयुष्यात कधी ओतला नव्हता एवढा जीव ओतून, शाईच्या पेनाने, मोत्यासारख्या अक्षरात लिहिलं :

'ठराव क्रमांक दोन. व्हिडिओमध्ये सर्वांआधी रेषा ओलांडणारी, रंगाने तांबडी, कपाळावर चांदणी असलेली, पुढचा उजवा पाय गुडघ्यापर्यंत पांढरा असलेली व स्वभावाने तापट अशी जी घोडी, तीस विशेष प्रथम क्रमांक देण्यात येत असून मानाचा पटका व वर्षभराचा हरभरा आजच पोच करावा. सर्वानुमते मंजूर.'

एकतीस जणांनी सह्या केल्या. ठराव मोठ्याने वाचून दाखवण्यात आला. लोकांनी परत टाळ्या वाजवल्या, नागूबाईने पदराने डोळे पुसले, मल्लेश पहिल्यांदाच हसला. हरभऱ्याची पोती गाडीत चढली. मग खूण तपासनीस कागद घेऊन लिंबाखाली गेले, घोडीभोवती लांबून एक फेरी मारली आणि मान हलवत परत आले.

"ही ती घोडी न्हाई," ते म्हणाले.

बंडोपंत धावत सुटले. जन्मात पहिल्यांदा ते घोड्याच्या दिशेने धावत होते, आणि डोळे उघडे होते. जवळ जाऊन त्यांनी बघितलं. मग वाकून बघितलं. घोडीने मान खाली घालून त्यांचं टक्कल सावकाश, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चाटलं. पंत हलले नाहीत. त्यांना भीती वाटायची राहूनच गेली. ते नुसते त्या एका पायाकडे बघत होते आणि रडत होते.

दुरुस्ती करता आली असती. पण सर्वानुमते मंजूर झालेला ठराव पुढच्या जत्रेच्या बैठकीतच बदलता येतो, आणि मल्लेशने आठवडाभरसुद्धा वाट बघितली नाही. घोडी आता उमरग्याला असते. वरातीत पुढे चालते. हजार माणसं जमतात आणि सगळी नवरदेवाकडे बघतात. हरभरा समितीने प्रसाद म्हणून वाटला. बंडोपंतांनी शिसवी खुर्ची डोक्यावर घेतली आणि घरी आणली. डोळे एकदा उघडल्यामुळे ते नियमानुसार अपात्र झाले होते.

तुम्ही म्हणाल, एकतीस माणसं, एवढी साधी चूक कोणाच्या ध्यानात येऊ नये? कसली माणसं म्हणायची ही! अगदी बरोबर. पण पांढरा पाय कुठला, हे आम्ही तुम्हालाही घोडी आली तेव्हाच सांगितलं होतं. मग ठराव अक्षरन् अक्षर वाचायला दिला. तुम्ही वाचलात, मान डोलावलीत, हरभऱ्याची पोती गाडीत चढताना तुम्हालाही बरं वाटलं. तेव्हा तुम्ही कुठे बघत होता? पंतांकडेच ना?

शरमायचं कारण नाही. वर जाऊन बघून या, आम्ही थांबतो.

आलात? छान. निशाणपंचाची जागा अजून रिकामी आहे आणि समितीला तुमच्यासारखंच माणूस हवं आहे. जत्रेआधी आठ दिवस अर्ज द्या. खुर्ची मात्र स्वतःची आणावी.