काचकोटाचा वेढा आणि माहेरचे वांगे

॥ जो सूर्य सर्वांस दुपारी दिसतो तो कोणा एकास पहाटेही दिसो ॥

काटेरी देठ. पाच पूर्वज, उघडे. खिडकीशी तुळस, पौषातही हिरवी. वानराचा पाय. गाठोडे, ज्यास आता गाव नाही.

शके अठराशे सात, पार्थिवनाम संवत्सरे, कार्तिक मासी डोंगरावरील एका राज्यात थंडीने प्रवेश केला. राज्याचे नाव सांगण्याचे प्रयोजन नाही, वाऱ्यास ते ठाऊक होते. सरकार स्वारीवर गेले होते आणि मागे कारभार धाकट्या बाईसाहेब गोजराबाई पाहत होत्या, आणि त्याच साली श्रावणात त्यांचे माहेरचे गाव नदीने मळ्यासकट नेले होते, आणि आईच्या हातचे एक गाठोडे तेवढे इकडे पोचले, त्यात चिमूटभर वांग्याचे बी होते. ते वांगे दुसऱ्या कोणत्या गावी नव्हते. बी जुने, आणखी एक पावसाळा धरणार नाही हे बाईसाहेबांनी दाताखाली एक दाणा घेऊन जाणले. म्हणजे पेरणे ते आत्ताच, आणि त्या डोंगरावर तर मार्गशीर्ष लागला की दहिवर गोठून गवत पांढरे होत असे आणि कोवळे रोप सकाळी काळे दिसत असे. मग बाईसाहेबांनी निश्चय केला, की रथसप्तमीच्या हळदीकुंकवास वाण लुटायचे ते याच रोपांचे, घरोघर एक, म्हणजे पुन्हा कोण्या एका नदीस सगळे नेता येणार नाही.

मग देवघराच्या काचेआडची तुळस त्यांच्या ध्यानात आली आणि त्यांनी परसात कोट बांधविला. उत्तरेची फळी उंच, दक्षिणेची ठेंगणी, तळाशी शेणखत, वर माती, आणि माथ्यावर उतरते झाकण, ते काचेचे. देवघराची खिडकी सोडली तर राज्यात काच ती सहा पूर्वजांच्या तसबिरींवर. बाईसाहेबांनी दिवाणखान्यातील पाच उतरविल्या. सहावी कैलासवासी थोरल्या सरकारांची, ती थोरल्या आईसाहेबांच्या, म्हणजे सासूबाईंच्या खोलीत होती. आईसाहेब माळ ओढता ओढता म्हणाल्या, की पूर्वजांच्या अंगावरचे पांघरूण काढून वांग्यांस घातले असे सून आणल्यापासून ऐकायचे राहिले होते, तेही झाले. आणि सहाव्या तसबिरीस हात लागला तर आपण अन्न सोडू, हेही सांगितले. बाईसाहेबांनी मान लवविली आणि पाच काचांत भागविले.

निम्मे बी पेरले, निम्मे राखले. कारभारी त्र्यंबकपंत पूर्वी किल्लेदार होते. त्यांनी सल्ला दिला, की वेढा उठेतो दरवाजा उघडणे नाही, उघडला की घात. बाईसाहेबांस ते पटले. झाकणास कडी घातली, पहारा बसविला, आणि कोंब आले तेव्हा पंतांनी परसातच मिशीस पीळ दिला. मग एक दिवस आभाळ लख्ख निवळले आणि दुपारभर ऊन काचेवर राहिले आणि पहारेकऱ्याने हुकुमाप्रमाणे काही उघडले नाही. तिसऱ्या प्रहरी बाईसाहेब आल्या तो रोपे उकडलेल्या मेथीसारखी आडवी. त्यांनी आत हात घातला आणि तसाच ठेविला, भाजेपर्यंत. पंत म्हणाले, शत्रू तर आत शिरलाच नव्हता.

"शत्रू रात्रीचा होता, पंत," बाईसाहेब म्हणाल्या. "दुपारी आपणच आपली माणसे कोंडून मारली."

त्या रडल्या नाहीत. त्याच सांजेस उरलेले सगळे बी पेरले. आता मोडले तर राखीव काही नव्हते. मग नेम असा जाहला, की ऊन चढले की झाकणाखाली टेकू द्यावा, उन्हे कलण्याआधी काढावा, म्हणजे ऊब आत राहते, आणि वर गोधडी घालावी. हे काम त्या कोणावर सोपवीनात. न्याय मागण्यास आलेली माणसे परसात बसू लागली, आणि निवाडा अर्धा सांगून बाईसाहेब टेकू सारण्यास उठत. लोक हसत. पुढे लोकच सांगू लागले, बाईसाहेब, ऊन चढले.

माघ लागला, रोपे चार पानांवर आली, रथसप्तमी तोंडावर. तो दिवस मावळताना वानरांची टोळी छपरावरून उतरली आणि एकाने झाकणावर उडी टाकिली. काच फुटली. आभाळ कोरडे, वारा पडलेला, गवत आत्ताच पायास बोचत होते. पंत फळी आणतो म्हणाले, परंतु फळी बसेना. बाईसाहेबांनी आपली शाल घडी करून भोकावर घातली, कडेस गोधड्या रचल्या आणि तेथेच पाट मागविला, की रात्र येथे काढणे आहे. सहाव्या तसबिरीचे नाव त्यांनी घेतले नाही.

तो थोरल्या आईसाहेब स्वतः परसात आल्या. तसबीर छातीशी होती. ती सुनेपुढे धरून त्या म्हणाल्या, "यांना उकाडा कधी सोसला नाही. घे, काढ काच."

"आईसाहेब, आपण म्हणाला होता—"

"सूनबाई, अंधार पडतो आहे."

काच दोन बोटे मोठी निघाली, ती तशीच चढवून बसविली. सकाळी गवत पांढरे, कुंपण पांढरे, परसातली कोरांटी काळी, आणि कोटात रोपे हिरवी उभी, काचेस आतून घाम.

रथसप्तमीस वाण लुटले. प्रत्येकीच्या ओटीत द्रोण, द्रोणात रोप. थोरल्या आईसाहेबांस हळदीकुंकवाचा मान नव्हता, म्हणून त्या आतच बसल्या होत्या. बाईसाहेबांनी पहिला द्रोण आत नेऊन त्यांच्या हाती दिला आणि मग बाहेर कुंकवास हात लाविला.

ऐसा काचकोट बांधिला, एकदा स्वहस्ते गमाविला आणि पुन्हा राखिला. ते वांगे आज त्या राज्यात घरोघर आहे, आणि सहाही पूर्वज काचेविना आहेत.

गोजराबाईंच्या लग्नात, माहेरच्या मांडवात, थोरल्या सरकारांनी या वांग्यांची भाजी तीनदा मागून घेतली होती.