काखेतली खुर्ची

आमच्या मस्तगडातल्या गल्लीत सत्यनारायणाला लोक येतात ते हात हलवत. रंगनाथकाका येत ते खुर्ची घेऊन. स्वतःची. लोखंडी, घडीची, हिरव्या पट्ट्यांची. छत्रीसारखी काखेत मारलेली ती खुर्ची दारात आल्यावर खटकन उघडायची आणि आपण 'या, बसा' म्हणेपर्यंत बसून मोकळं व्हायचं.

समोर सोफा रिकामा असला तरी ते त्याच्याकडे ढुंकून बघत नसत. माझी बायको सुनीता आग्रह करायची, तर म्हणायचे, "नको पोरी. आपली सोय आपल्यासंगं."

प्लॅस्टिकची खुर्ची त्यांच्या मते बिलकुल दगाबाज, पाय कधी फाकवील नेम नाही. सोफा तर माणूस गिळणारा. बँकेच्या रांगेत ते आपल्या खुर्चीसकट पुढे सरकत. न्हाव्यानं एकदा हातच जोडले. घडीच्या खुर्चीवर बसलेल्या काकांची दाढी करता करता त्याची कंबर धरली होती. मयतीलाही खुर्ची सोबत असे. स्मशानात श्रद्धांजलीची भाषणं लांबली की सगळे या पायावरून त्या पायावर होत आणि काका तेवढे निवांत असत.

पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेला हा सडाफटिंग माणूस. घरात एक खाट, एक स्टोव्ह आणि ही खुर्ची.

गेल्या लग्नसराईत शेजारच्या जोशींच्या मुलीच्या लग्नात घात झाला. जेवण उरकून काका हात धुवायला गेले, तेवढ्यात मंडपवाल्याच्या माणसांनी भराभर खुर्च्या टेम्पोत टाकल्या. त्याच्याही खुर्च्या लोखंडी, हिरव्या पट्ट्यांच्याच. काका मिशा पुसत परत आले तेव्हा टेम्पोचा धूरही उरला नव्हता.

"नाव तरी टाकून ठेवायचं होतं," मी म्हणालो.

"नाव ताटवाटीवर टाकतेत. माझी खुर्ची बसल्यावर कुईं करती. हजारात वळखीन मी."

मंडपवाल्याला फोन लावला, तर तो म्हणाला, "काका, लग्नाचे दिवस हायेत. खुर्च्या गोदामात येऊनच न्हाई राह्यल्या. उद्या हसनाबादला चालल्या. तिथं बघा."

काका हसनाबादला गेले. कुणाचं लग्न, काय, काही पत्ता नाही. मंडपात शिरून एका खुर्चीवर बसायचं, जरा डोलायचं, कान द्यायचा, की उठून पुढच्या खुर्चीवर. मुलाकडच्यांना वाटलं, हे मुलीचे मामा रुसलेत. मुलीकडच्यांना वाटलं, मुलाचे आतोबा फुगलेत. दोन्हीकडचे समजूत काढायला धावले. जेवायला पहिल्या पंगतीत बसवलं, वर टॉवेल-टोपी दिली.

"खुर्ची न्हाई सापडली," परत आल्यावर काका म्हणाले. "पण बुंदी बराबर होती."

मग सपाटाच सुरू झाला. टेम्पो जाईल तिथं काका. घरी टोप्यांची चळत लागली. पण गल्लीत मात्र त्यांनी कुणाकडे बसणं सोडलं. दारात यायचे, एक पाय आत, एक बाहेर. "बसत न्हाई, जल्दीत हाय," म्हणायचे. कसली आलीय जल्दी? दिवसभर कोपऱ्यावरच्या विजेच्या खांबाला टेकून उभे असायचे. मला ते बघवेना.

शेवटी आष्टीच्या लग्नाला मीच त्यांना मोटारसायकलवर घेऊन गेलो. मंडपात शिरतोय तोच 'कुईं' झालं. काका जागच्या जागी थांबले. हिरव्या पट्ट्यांच्या खुर्चीवर एक म्हाताऱ्या आजी पदरात बुंदी घेऊन आरामात बसल्या होत्या.

"थांबा, आजींना दुसरी देतो," मी म्हणालो.

काकांनी माझा हात धरला. "असू दे. बसलीय ना ती."

"अहो, खुर्ची तुमची आहे!"

"हाय की. पर कुणाला ऊठ म्हणणं जमत न्हाई मला."

खुर्ची आजींकडंच राहू देऊन निघालो. परतीच्या वाटेवर चहाला थांबलो. टपरीचं बाकडं रिकामं होतं, तरी काका उभेच. चहा निम्मा झाल्यावर आपणहून बोलायला लागले.

"माय-बाप गेल्यावर मामाकडं वाढलो. पाहुणा आला की, रंग्या, ऊठ. पंगतीत माणूस वाढला की, रंग्या, ऊठ. मंग मी बसायचंच सोडून देल्तं. पहिला पगार झाला अन् खुर्ची घेतली. म्हटलं, आता कुणी उठवायचं न्हाई, अन् माझ्यापायी कुणाला उठायला लागायचं न्हाई."

इतकी वर्षं आम्ही त्या खुर्चीला हसलो होतो.

घरी येऊन सुनीताला सगळं सांगितलं. रविवारी ती जाऊन काकांना हाताला धरूनच घेऊन आली आणि आमच्या दोन माणसांच्या सोफ्यावर माझ्या शेजारी बसवलं. काका कडेला, उडायला बसलेल्या चिमणीसारखे. चहा उकळत होता तोच माझे मेहुणे दारात उभे. घरचे जावई! काका ताडकन उठले आणि चपला शोधायला लागले.

"काका, बसा तुम्ही," सुनीता स्वयंपाकघरातून ओरडली. "हे उठतील."

मी उठलो. इतक्या आनंदानं मी आयुष्यात बायकोचं ऐकलं नव्हतं. सतरंजी ओढून खाली मांडी घातली. मेहुणे माझ्या जागेवर बसले. काका अर्धवट वाकलेले तसेच राहिले. त्यांनी माझ्याकडे बघितलं, सुनीताकडे बघितलं, मग हळूच खाली बसले आणि पाठ टेकली.

सुनीतानं पहिला कप जावयाला दिला नाही, काकांना दिला. त्यांनी एक घोट घेतला.

"लई गरम हाय," ते म्हणाले आणि नव्या टॉवेलानं डोळे पुसले.