एकशे त्रेचाळीस खुनांची आणि एका दूधवाल्याची बखर

प्रथम नमन विघ्नहर्त्यास, द्वितीय नमन शारदेस, आणि तृतीय नमन त्या वाचकास, की ज्याने पुस्तक हाती येताच शेवटचे पान उघडून पाहिले नाही. ऐसा वाचक दुर्मिळ, सबब तृतीय नमन थोडक्यात आटोपले. शके अठराशे चौऱ्याऐंशी, शुभकृत् नाम संवत्सरी, एक राज्य उदयास आले. त्याचे नाव लिहावयाची आज्ञा नाही. राज्यास तट नव्हता, खंदक नव्हता. गल्लोगल्ली भाड्याने पुस्तके देणारी वाचनालये हीच त्याची ठाणी, आणि दुपारचे जेवण करून लवंडलेली समस्त जनता हीच त्याची रयत. अधिपती नीळकंठराव उपळेकर. हुद्दा पाहता पाटबंधारे कचेरीत कारकून, परंतु अंतरी रहस्यकथांचे सार्वभौम राजे. तयांचे पदरी एकच सरदार, बॅरिस्टर मार्तंड नावाचा गुप्तहेर. तो ओठी पाईप धरी, भर पावसात गॉगल घाली, आणि बरोबर शहाण्णवाव्या पानावर खुनी पकडी. शहाण्णव हा आकडा शास्त्रातला नव्हे, छापखान्यातला. प्रकाशक बापूसाहेब गोडांबे यांचा दंडक ऐसा की, सोळा पानांचा एक फर्मा, ऐसे सहा फर्मे, त्याउपर ब्रह्मदेव आला तरी एक ओळ छापणे नाही. मग कथा लांबली तर मार्तंडराव धावत येऊन खुन्याची मानगूट धरीत, आणि कथा आखूड पडली तर तेच मार्तंडराव दोन पाने उभे राहून चंद्र पाहत.

आता राज्याचा मुख्य रिवाज सांगतो. कुटुंब कुमुदबाई, ह्या राज्यातील प्रथम श्रोत्या. नीळकंठरावांनी शेवटचे प्रकरण सोडून सारी कथा लिहावी, आणि रविवारी सकाळी स्वयंपाकघरात पाटावर बसून ती वाचून दाखवावी, आणि वाचून होताच वही मिटून विचारावे, "कोण?" मग कुमुदबाईंनी खुन्याचे नाव सांगावे, आणि त्याउपरांत शेवटचे प्रकरण लिहावे, ते मात्र बाईंसही न सांगता, छापून आल्यावर इतर रयतेप्रमाणेच त्यांनी वाचावे. पहिल्या कथेचे समयी बाई नव्या नवरी होत्या. "कोण?" म्हणताच पोळी उलटता उलटता म्हणाल्या, "त्याचा मेव्हणा, दुसरं कोण." नीळकंठराव पांढरेफटक पडले. मग वही फाडिली, दोन दिवस अन्नास शिवले नाहीत, आणि सारी कथा नव्याने लिहिली, आणि छापखाना आठ दिवस खोळंबला. पुढील वेळी विचारले, "कोण?" बाई क्षणभर थांबल्या आणि म्हणाल्या, "दूधवाला असेल." नीळकंठराव खदखदा हसले आणि दोन पोळ्या अधिक जेवले. तेव्हापासून बाईंचे उत्तर कायम जाहले. घरच्या दूधवाल्याशी, सखारामाशी, बाईंचे दुधातल्या पाण्यावरून नित्य वाजे, सबब रावांस ते स्वाभाविक वाटे. एकदा कथा भर समुद्रात, जहाजावर घडली, तरी बाई म्हणाल्या, "दूधवालाच." राव म्हणाले, "अगं, जहाजावर दूधवाला येईल कुठून?" बाई म्हणाल्या, "मग तिथली माणसं चहा कोरा पितात की काय?" ऐसे एकशे बेचाळिसाव्या कथेपर्यंत चालले. राव कचेरीत छातीवर हात ठेवून सांगत, "घरात रोज ऐकणाऱ्या माणसाला जे ओळखता येत नाही, ते बाहेरच्यांना काय ओळखणार!" ह्या एका वाक्यावर ते राज्य एकतीस वर्षे उभे होते.

राज्यात शत्रू एकच, फितूर. वाचनालयातील पुस्तक परत करिताना काही दुष्ट पहिल्या पानावर शिसपेन्सिलीने खुन्याचे नाव लिहून ठेवीत. रावांनी प्रत्येक पुस्तकाचे पहिल्या पानी फर्मान छापविले, "खुनी कोण, हे कोणी कोणास सांगू नये." फितुरांनी फर्मानाखालीच नावे लिहिली. मग कुमुदबाईंनी मोहीम हाती घेतली. दर गुरुवारी भाजी आणावयाच्या निमित्ताने निघत, पिशवीत एक रबर असे, आणि तीन वाचनालयांतील पुस्तके चाळून फितुरी पुसून मगच मेथीची जुडी घेत. वाचनालयवाला म्हणे, "काकू, तुम्ही पुसता आणि हे परत लिहितात." बाई म्हणत, "लिहू देत. माझं रबर त्यांच्या पेन्सिलीपेक्षा मोठं आहे."

पुढे शके एकोणीसशे सहा, रक्ताक्षी नाम संवत्सरी, परचक्र आले. घराघराच्या छपरांवर लोखंडी काठ्या उभ्या राहिल्या, आणि दिवाणखान्यात एक काचेचा डोळा येऊन बसला, आणि समस्त रयत फंदफितुरीवाचून त्यास जाऊन मिळाली. ठाणी एकेक करून पडली. एका वाचनालयाचे जागी झेरॉक्सचे दुकान जाहले, दुसऱ्याचे जागी वडापाव. दर दोन महिन्यांस निघणारी कथा वर्षास एक निघू लागली. बापूसाहेब म्हणाले, "नीळकंठराव, तुमच्या मार्तंडाला आता पेन्शनीत काढा." राव म्हणाले, "आधी मी निघतो," आणि खरेच कचेरीतून निवृत्त जाहले, परंतु लिहिणे टाकिले नाही. घरात श्रोता शाबूत होता.

मग शके अठराशे एक कमी सोळावर शंभर, म्हणजे एकोणीसशे पंधरा, श्रीमुख नाम संवत्सरी, — बखरकाराचा हिशेब येथे डळमळला, वाचकांनी सांभाळून घ्यावे. दुःखाचे सांगणे जवळ आले की आकडे असेच होतात, — कुमुदबाईंचे पोटात दुखू लागले. डॉक्टरांनी तपासले आणि रावांस बाहेरच्या बाकावर नेऊन म्हणाले, "गाठ आहे. उशीर झालाय. महिना, फार तर दोन." त्या समयी एकशे त्रेचाळिसावी कथा अर्धी लिहून जाहली होती. बंगल्यात एका सावकाराचा खून, सात संशयित. बाई अंथरुणावर आणि राव उशाशी स्टुलावर, ऐसे रोज सकाळी एक प्रकरण वाचणे चाले. वाचता वाचता रावांचे मनात एक गोष्ट आली. ही बाई रहस्यकथा अर्धी टाकून जन्मात कधी उठली नाही. एकदा भात करपला तरी उठली नाही; सख्ख्या भावाच्या लग्नात अक्षता पडत असता खुर्चीवर बसून प्रकरण संपवीत होती. मग शेवट कळल्यावाचून ही जाईल कशी? तेव्हा शेवट येऊच द्यावयाचा नाही, ऐसा रावांनी निश्चय केला. दुसरा शहाणा यमास औषधाने अडवू पाहता. हा गडी रहस्यकथालेखक, त्याने यमापुढे प्रकरणे टाकिली.

मग काय विचारता! सात संशयितांचे अकरा जाहले, अकरांचे एकोणीस. सावकारास एक जुळा भाऊ निघाला, त्या भावास दुसरे लग्न निघाले. मार्तंडराव पुरावा आणण्यास काठमांडूस रवाना जाहले आणि तेथे तयांस ताप आला. सहा फर्म्यांची कथा दहावर गेली, दहाची तेरावर. बापूसाहेब स्वतः घरी आले आणि म्हणाले, "अहो, हा खून आहे की खानेसुमारी? मी छापणार कसं?" राव म्हणाले, "छापू नका. नुसतं चालू द्या." बापूसाहेबांनी आतील खोलीकडे एकवार पाहिले, आणि चपला घातल्या, आणि पुन्हा तगादा केला नाही. दोन महिने गेले. तिसरा लागला. डॉक्टर म्हणाले, "आश्चर्य आहे." रावांनी मनात मिशीस पीळ दिला. परंतु बाई वाळून अंथरुणाइतक्याच राहिल्या होत्या, आणि दुखणे अनावर होऊन दात आवळीत, आणि राव त्याचवेळी मोठ्याने वाचीत.

एके सकाळी राव एकोणसत्तरावे प्रकरण काढून बसले, तो बाईंनी वहीवर हात ठेविला. "अहो, पुरे करा आता. दमले मी." राव म्हणाले, "अगं, अजून खुनी कुठे कळलाय?" बाई म्हणाल्या, "तुमचा तो नाडकर्णी वकील. पंधराव्या पानावर कळला. कुणी न विचारता सांगतो, मी साडेनवाला झोपलो होतो म्हणून." रावांनी वही बाजूस ठेविली. मग हळूच म्हणाले, "आणि जहाजावरची कथा?" "डॉक्टर." "गुहेतली?" "मेलेला मेलाच नव्हता." "नाटक कंपनीतली?" "पेटी वाजवणारा. अहो, तुमचा खुनी नेहमी नम्र असतो. आल्या आल्या 'बसा, चहा घ्या.' खऱ्या जगात एवढं गोड कोण बोलतं?" राव म्हणाले, "सगळ्या एकशे बेचाळीस?" बाई म्हणाल्या, "एकशे बेचाळीस." "मग दर वेळी दूधवाला...?" बाई म्हणाल्या, "पहिल्या खेपेला खरं बोलले तर दोन दिवस जेवला नाहीत. वही फाडलीत. म्हटलं, माझ्या बरोबर असण्यापायी ह्यांना उपाशी कशाला ठेवा?" आणि पुढे म्हणाल्या, "मला अडवू नका हो. आणि मार्तंडाला परत बोलवा, काठमांडूत गारठला असेल."

त्या दिवशी राव जेवले नाहीत. परंतु वही फाडिली नाही. जुळा भाऊ काढिला, त्याचे दुसरे लग्न मोडिले, बारा संशयित निर्दोष म्हणून घरी धाडिले, आणि चार दिवसांत कथा पुन्हा सहा फर्म्यांच्या बेतात आणिली. मग रविवारी सकाळी उशाशी बसून रिवाजाप्रमाणे वही मिटिली आणि विचारिले, "कोण?" बाईंनी डोळे मिटले होते. ओठांचे कोपऱ्यात हसल्या आणि म्हणाल्या, "दूधवाला."

राव स्वयंपाकघरात पाटावर जाऊन बसले आणि शेवटचे प्रकरण लिहिले. परत येऊन म्हणाले, "ऐक, ह्या वेळी वाचूनच दाखवतो." बाईंनी हात वर केला. "रिवाज म्हणजे रिवाज. छापून येऊ दे." आणि चष्मा उशीखाली ठेवविला. बापूसाहेबांनी इतर सारी कामे थांबवून पुस्तक यंत्रावर चढविले; तरी यंत्र जुने, चोवीस दिवस लागणार. अकराव्या दिवशी सकाळी, तिसरा फर्मा छापून होत असता, कुमुदबाई गेल्या. चष्मा उशीखालीच होता. दुसरे दिवशी सखाराम दारात उभा राहिला, माप हातात घेऊन, आणि म्हणाला, "साहेब, आता किती घालू?" राजांनी नुसते पातेले पुढे केले. सखारामाने आपल्या मनाने अर्धा लिटर घातले. त्यात पाणी नव्हते.

बाई गेल्याच्या तेराव्या दिवशी बापूसाहेब ओल्या शाईचे पुस्तक घेऊन आले. रयत फारशी उरली नव्हती. उरली तीही संतापली. लोक म्हणाले, म्हातारा चळला, सबंध पुस्तकात दूधवाला दोनदा दिसतो, दोन्ही वेळा बादली घेऊन, आणि शहाण्णवाव्या पानावर मार्तंड त्यालाच पकडतो, हा काय न्याय! महिन्याभराने सखारामही बोलला. "साहेब, पोरीनं वाचून दाखवलं. मी काय हो केलं होतं? थोडं पाणी, एवढंच ना?" राव म्हणाले, "सखाराम, तुझ्या बाईंचं एकदा तरी बरोबर यायला हवं होतं." सखाराम माप उचलीत म्हणाला, "मग असू दे. बाईंसाठी गेलो फासावर."

येणेप्रमाणे एकशे त्रेचाळीस खून, एक सरदार, एक राजा व एक श्रोता यांची हकीकत, जैसी ऐकिली तैसी लिहिली. ह्यानंतर राव एक ओळ लिहिते जाहले नाहीत. कुमुदबाईंची प्रत तसबिरीखाली ठेविली आहे. तिच्या पहिल्या पानावर, फर्मानाचे खाली, शिसपेन्सिलीने लिहिलेला एकच शब्द आहे, 'दूधवाला.' सबंध राज्याच्या इतिहासात राजाने स्वतः केलेली फितुरी ती एवढीच. ती अक्षरे अद्याप तशीच आहेत. पिशवीत रबरही आहे. पुसणारे माणूस नाही.