आज्ञाधारक टीव्ही

कंपनीचं काम म्हणजे घरातला टीव्ही मोबाइलवरून चालवणारं ॲप बनवणं, आणि कंपनीत टीव्ही मात्र एकही नव्हता. "खरे टीव्ही आणून जागा कशाला अडवायची?" असं साहेबांचं मत होतं. साहेबांची मतं बदलत नसत, कारण ती तपासून पाहायची त्यांना सवयच नव्हती. म्हणून त्यांनी प्रोग्रामर बाईंकडून एक खोटा टीव्ही लिहून घेतला. तो राहायचा कॉम्प्युटरमध्ये, पण ॲपला खराच वाटायचा. ॲपने 'चालू हो' म्हणायचा अवकाश, की हा 'झालो' म्हणून मोकळा.

"साहेब, खरा टीव्ही इतका गुणी नसतो," बाई म्हणाल्या. "उठायला वेळ लावतो. एकदा खऱ्यावर बघू या ना."

"चाचण्या सगळ्या पास होऊन हिरव्या दिसताहेत ना? मग उगाच नाट लावू नका."

रविवारी साहेबांनी कंपनीच्या सर्वांत मोठ्या गिऱ्हाइकाला घरच्या टीव्हीवर ॲप दाखवायला बोलावलं. कौतुक करायला बाईही हव्याच होत्या. सोफ्यावर सासूबाई होत्या. जावई नक्की काय करतो, हे त्यांना आजवर कुणालाही पटवून देता आलं नव्हतं.

साहेबांनी ऐटीत मोबाइलवर बोट ठेवलं. टीव्ही जागा होऊ लागला. पण ॲपला धीर कुठला? उत्तर येईना म्हणून त्याने तोच हुकूम पुन्हा सोडला. चालू-बंदचा हुकूम एकच, त्यामुळे उठू पाहणारा टीव्ही परत झोपला. मग उठला. मग झोपला.

"आजारी आहे का हो?" सासूबाईंनी विचारलं.

कसाबसा तो जागा राहिला, पण आवाज नाही. साहेब चिडून मोबाइलवरून त्याचा आवाज वाढवत सुटले. टीव्ही ढिम्म. आणि मग साठलेले सगळे हुकूम त्याने एकदम ऐकले. खिडक्या थरथरल्या, गिऱ्हाइकाची कॉफी शर्टावर सांडली, शेजाऱ्याने भिंतीवर बुक्के मारले. अखेर सासूबाईंनी उठून प्लग उपटला.

सोमवारी बाईंनी खोट्या टीव्हीला खऱ्याचे सगळे दुर्गुण शिकवले: आळस, बहिरेपणा, मध्येच रुसणं. चाचण्या लालभडक झाल्या.

"आता ॲप नीट करता येईल!" बाई खुशीत म्हणाल्या.

साहेब हादरले. "शुक्रवारपर्यंत सगळं हिरवं होतं. तुम्ही हात लावला आणि बिघडवलंत!"

"बिघडलेलंच होतं, साहेब. आता दिसायला लागलंय."

"मला नका शिकवू. होतं तसं करून द्या. गिऱ्हाइकाला कसंबसं परत बोलावलंय."

बाईंनी करून दिलं. गिऱ्हाईक आलं, ते दारापाशीच बसलं. कॉम्प्युटरच्या पडद्यावरचा टीव्ही एका बोटासरशी उठला, बोलला, गप्प झाला. गिऱ्हाईक खुर्ची ओढत पुढे आलं.

"तुमचं ॲप राहू द्या," ते म्हणालं. "हा टीव्ही द्या आम्हाला. असला टीव्ही मी जन्मात पाहिला नाही."

"अहो, पण तो टीव्ही मुळात..." बाई सांगू लागल्या.

साहेबांनी त्यांच्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

"किती पाठवू?"