कॉम्प्युटरचे साडेसहाशे ग्रॅम

मला आजवर कोणी फसवू शकलेलं नाही! ही बढाई नव्हे, माझी नोकरीच तशी होती. एकतीस वर्षं वजनमापे निरीक्षक म्हणून मी वर्धा जिल्हा पिंजून काढला. पारड्याखाली चिकटवलेलं लोहचुंबक मी दुकानाच्या पायरीवरून ओळखत असे. आता निवृत्त होऊन बोरगाव मेघेत राहतो, पण नजर काही निवृत्त झालेली नाही. भाजीवालीने कोथिंबिरीची जुडी जराशी जोरात झटकली तरी मी विचारतो, "काऊन झटकली?"

तर आमच्या घरी एक कॉम्प्युटर आहे. बारा वर्षांचा. लेक काजल हैदराबादेत असते आणि दर रविवारी दुपारी नात स्वीटी त्याच्या पडद्यावर येते. येते म्हणजे, यायची! "आजोबा, मी ना..." एवढं म्हणून पोरगी तोंड उघडं टाकून जी थांबायची, ती पाच मिनिटं हलायची नाही. आमची सुलोचना बिचारी पदराने पडदा पुसत बसायची. आतला पंखा असा घरघरायचा की शेजारणी गिरणी सुरू झाली समजून दळण घेऊन येतील! डबडं तापायचं तर इतकं, की हिवाळ्यात मांजर त्याला टेकूनच झोपायची.

शेवटी दिपालीला बोलावलं. ही आमच्याच गल्लीतली पोर. चार महिन्यांपूर्वी तिने चौकात कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान टाकलं होतं. तिने पंख्याला कान लावला, दोन बटणं दाबली आणि म्हणाली, "काका, हार्ड डिस्क म्हातारी झाली. ती काढून एसएसडी टाकू. प्रोसेसर बी याच बोर्डावर बसेल असा जरा दमदार टाकू. आन् हे तापून राह्यलं त्याच्यासाठी मोठा कूलर."

"कूलर? खस लावलेला?"

"नाई काका. प्रोसेसरच्या डोक्यावर बसते तो. छोटा असते."

मोठा पण छोटा! माझ्या मनात पहिली पाल चुकचुकली. पण स्वीटीचं उघडं तोंड आठवलं आणि मी हो म्हणालो.

आता साधा माणूस कॉम्प्युटर उचलून दुकानात नेऊन देईल. मी पंचनामा केला! घरचा इलेक्ट्रॉनिक काटा काढला, समपातळीत ठेवला आणि कॉम्प्युटरचा डबा तोलला. आठ किलो सहाशे चाळीस ग्रॅम. वहीत नोंद केली, खाली सही, तारीख.

सुलोचना दारात उभी राहून पाहत होती. म्हणाली, "आजच नेता काय?"

"हाव."

"उद्या नेजा ना. मी जरा पुसून देते त्याले."

"पुसायचं नाई! धूळ वजनात धरली हाये!"

"मंग निदान बाजूचं झाकण उघडून आतून तरी..."

"तुले झाकण उघडता येते?"

ती फडकं घेऊन लगबगीने आत वळली. वाचकहो, बारा वर्षांत या बाईने त्या यंत्राला फडक्याशिवाय कधी हात लावला नव्हता, आणि तिला झाकण ठाऊक! मी वहीत बारीक अक्षरात लिहिलं: 'सु. घाबरलेली दिसते.'

दुकानात मी दिपालीला बजावलं, "यातला कण इकडचा तिकडे झाला नाई पाह्यजे. जुने पार्ट, स्क्रू, सारं वापस!"

"काका, धूळ बी वापस देऊ काय?" ती हसली.

"धूळ बी!" मी हसलो नाही.

दुसऱ्या दिवशी मी अंघोळीहून आलो तर सुलोचना स्वयंपाकघरात फोन पदराखाली धरून कुजबुजत होती. "तुयाकडंच ठेव, दिपाली. त्याइले नको सांगू बापा! नाई तर घर डोक्यावर घेतीन." मला पाहताच तिने फोन डाळीच्या डब्यामागे सारला आणि विचारलं, "च्या मांडू? साखर टाकून?" तोही साखरेचा! साखर वाढल्यापासून या घरात मला साखरेचा चहा मिळत नाही. एकतीस वर्षांच्या नोकरीत मला अनेकांनी चहा पाजायचा प्रयत्न केला, पण खुद्द बायकोने? मी तो चहा नाकारला! म्हणजे, अर्धाच प्यालो.

शनिवारी कॉम्प्युटर आला. दिपाली तो टेबलावर ठेवून, माझ्याकडे न पाहता म्हणाली, "जुने पार्ट दुकानातच हायेत काका, मंग घेऊन जाजा." आणि चप्पलही नीट न घालता पळाली! पळणाऱ्या माणसाकडे काय असतं हे मला शिकवायची गरज नाही.

रविवारी सकाळी मी काटा मांडला. सात किलो नऊशे नव्वद! पुन्हा तोललं. सात किलो नऊशे नव्वद! साडेसहाशे ग्रॅम माल गायब! मोठा कूलर टाकून वजन कमी? एवढी तूट तर मी कोळशाच्या वखारीतही पाहिली नव्हती!

मी निकेशला फोन लावला. निकेश एकेकाळी माझ्या हाताखाली होता, आता माझ्याच खुर्चीवर निरीक्षक आहे.

"साहेब, आज रविवार हाये," तो म्हणाला. "आन् कॉम्प्युटर काई वजनावर विकत नाई."

"पण चोरी वजनावर कळते! गाडी घेऊन ये, अन् तुझा तपासणीचा काटा आण!"

बिचारा आला. जुन्या साहेबाला नाही म्हणायची सवय त्याला लागलेलीच नाही. आम्ही डबडं गाडीत टाकलं. सुलोचना फाटकापर्यंत धावत आली. "अहो, नका जाऊ! ऐका तरी!" पण ऐकेल तो निरीक्षक कसला!

दुकानात सात-आठ गिऱ्हाइकं होती. मी सगळ्यांसमोर कॉम्प्युटर काउंटरवर आदळला आणि निरीक्षकाच्या जुन्या आवाजात म्हणालो, "साडेसहाशे ग्रॅमचा जबाब दे!"

दिपालीचा चेहरा पांढरा पडला. एक बाई आपला दुरुस्तीला दिलेला लॅपटॉप हळूच पोटाशी धरून उठली. दुसऱ्याने तर चार्जरही काढून घेतला.

"काका, चोर म्हणून राह्यले काय मले?" दिपाली म्हणाली. "चार महिने झाले दुकान टाकून. तुमच्या एका बोलण्यानं हे लोक उद्यापासून येणार नाईत."

मला क्षणभर चुकल्यासारखं झालं. पण काटा मांडून झाला होता!

तिने एक पिशवी आणून काट्याशेजारी उलटी केली. जुनी हार्ड डिस्क निघाली, पाचशे नव्वद ग्रॅम, विटेसारखी. तिच्या जागी बसवलेल्या एसएसडीसारखीच दुसरी तिने काट्यावर ठेवली. चाळीस ग्रॅम!

"एवढीशी?" मी म्हणालो. "अन् माल जास्त मावते म्हणतेस?"

"हाव. याच्यात काई फिरत नाई, म्हणून हलकी."

मग जुना कूलर, त्याच्या शेजारी बसवलेल्यासारखाच नवा. नवा खरोखर जड निघाला. जुना प्रोसेसर बिस्किटाएवढा, नव्याच्या बरोबरीचा. शेवटी तिने कागदाची एक पुडी ठेवली.

"हे काय?"

"तुमची धूळ. तीस ग्रॅम."

गिऱ्हाइकांत खसखस पिकली. लॅपटॉपवाली बाई परत बसली. निकेशने बेरीज-वजाबाकी केली, घसा खाकरला आणि म्हणाला, "साहेब, सारं जुळते. फक्त दोनशे चाळीस ग्रॅमचा हिशेब लागत नाई."

"पाहा!" मी काउंटरवर मूठ आपटली. "बोल! दोनशे चाळीस ग्रॅम कुठं गेले?"

दिपालीने एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा आढ्याकडे. "काकू, माफ करजा," असं पुटपुटून तिने काउंटरखालून प्लास्टिकचा एक चपटा डबा काढला आणि काट्यावर ठेवला. झाकण उघडलं. आत गोरसपाक!

वर्ध्याच्या माणसाला गोरसपाक काय हे सांगायला नको. बाहेरच्यांसाठी सांगतो: गाईच्या तुपातलं असं खुसखुशीत बिस्किट, की डॉक्टरने बंदी घातली तर माणसाने डॉक्टर बदलावा!

"हा डबा तुमच्या मशीनच्या आत होता," दिपाली म्हणाली. "पंख्याच्या ऐन तोंडापुढं. हवा जाईनच कुठून? तापत होतं ते निम्मं याच्यानंच. काकू म्हणाल्या, तुम्ही कोठीपासून देव्हाऱ्यापर्यंत सारं धुंडाळता, एवढी एकच जागा तुमाले सुचत नाई. पोरीबाळी आल्या की त्याइच्यासाठी ठेवतेत. आत गरम असते, म्हणून नरम बी पडत नाई."

आता सगळे उघड उघड हसत होते. निकेशने तर तोंडावर रुमाल धरला होता. मी काट्याकडे पाहिलं, कारण दुसरीकडे पाहायची सोय नव्हती.

"दोनशेच भरते," मी म्हणालो. "चाळीस ग्रॅम अजून कमी हाये."

दिपालीची मान खाली गेली. "दोन म्या खाल्ले, काका. चांगले कुरकुरीत होते."

अख्खं दुकान फुटलं! चार्जरवाल्याने हसत हसत चार्जर पुन्हा काउंटरवर ठेवला. म्हणाला, "दिपालीताई, जी धूळ बी वापस देते, तिच्याकडंच काम देऊ." लॅपटॉपवाल्या बाईने पर्समधला आपला जुना फोनही पुढे केला.

मी सगळ्यांसमोर म्हणालो, "पोरी, चुकलं माझं." एकतीस वर्षांत हे वाक्य मी पहिल्यांदा उच्चारलं. फार जड जातं हो, वजन करता आलं असतं तर केलं असतं! दिपालीने डोळे पुसले, डबा माझ्या हातात दिला आणि म्हणाली, "काकूले देजा. अन् आता मशीनमध्ये नका ठेवू म्हणा."

निकेश मला आणि कॉम्प्युटरला घरी सोडायला निघाला. वाटेत मी गाडी दोन मिनिटं थांबवायला लावली. कशासाठी, ते त्याला विचारू नका.

घरी मी डबा सुलोचनाच्या हवाली केला. "घे तुझा माल. मी काई बोललो काय?" ती आधी घाबरली, मग ओशाळली, आणि शेवटी चक्क हसली. मलाही बरं वाटलं. दुपारी कॉम्प्युटर सुरू केला. पाऽर बदललं होतं हो! पंख्याचा आवाज नाही, घरघर नाही. बटण दाबलं आणि सुलोचना चष्मा शोधेपर्यंत स्वीटी समोर हजर. बोलतेय, हसतेय, हलतेय! सुलोचनाने पदर डोळ्याला लावला, या वेळी पडद्याला नाही.

"आई, तुम्ही केवढे साफ दिसून राह्यले!" काजल तिकडून ओरडली. "आधी तुमचे चेहरे पिठाच्या गोळ्यासारखे दिसत!"

मी मान ताठ केली. मिशीला पीळ देणार, तेवढ्यात स्वीटी पडद्याला नाक लावून म्हणाली, "आजोबा, तुमच्या मिशीत बिस्किटाचा चुरा काऊन हाये?"

सुलोचना पडद्याकडे पाहत नव्हती. ती डबा उघडून मोजत होती.

खरं सांगू? जुना कॉम्प्युटर काही इतका वाईट नव्हता!