नाव बुडवल्याचं प्रकरण

"आमच्या ऑफिसात प्रत्येक विषयाचा जाणकार आहे," असं थोरले वकीलसाहेब पक्षकारांना छातीठोकपणे सांगायचे. कुठला जाणकार कुठल्या खोलीत बसतो, हे मात्र खुद्द त्यांनाही ठाऊक नव्हतं. ते शोधायचं काम त्यांनी आपल्या भाच्याकडे दिलं होतं. भाचा कायद्याची परीक्षा पास होऊन आला होता, पण बसायचा झेरॉक्स मशीनशेजारी.

त्या दिवशी मामांचा गाडीतून फोन आला. "ऐक. तळ्यावर होड्या चालवणारे शेठ दुपारी येतायत. नाव बुडवल्याचं प्रकरण आहे. आपल्यातला जाणकार शोध आणि त्यांच्यासमोर बसव. मला कोर्टातून यायला उशीर होईल. हे जमवलंस तर कोपऱ्यातली केबिन तुझी. नाही जमवलंस तर तुझ्या बाबांच्या गाद्यांच्या दुकानात जाऊन बस. तिथं निदान झोप तरी पुरी होईल."

खरं प्रकरण असं होतं, की शेठचा धाकटा भाऊ तळ्याच्या पलीकडच्या काठावर स्वतःच्या होड्या लावून बसला होता आणि 'दादाच्या होड्या बुडतात' असं ज्याला त्याला सांगून त्यानं घराण्याचं नाव बुडवलं होतं. म्हणजे अब्रूचा मामला. पण होड्या, तळं आणि बुडणं एवढं एका दमात ऐकल्यावर भाच्याच्या डोळ्यांसमोर जी बुडाली, ती नाव पाण्यातली होती. आता यात त्या बिचाऱ्याची तरी काय चूक? एकदा विचारून घ्यायला हवं होतं, हे खरं. पण मामांना उलट प्रश्न विचारायची त्या ऑफिसात कुणाची प्राज्ञा नव्हती.

भाचा खोल्या पालथ्या घालत सुटला. करांचे वकील फायलीतून मान वर न काढता म्हणाले, "मी फक्त कर बुडवल्याचं बघतो. पुढे विचार."

पुढच्या खोलीत बँकांची कामं करणारे गृहस्थ होते. "कर्ज बुडवलं असेल तर बोल."

घटस्फोटवाल्या बाईंनी चष्मा काढला. "संसार बुडालाय का त्यांचा? नाही ना? मग जाताना दार लावून घे."

पक्षकारासमोर हे सगळे सर्वज्ञ हो! पण आपल्याच माणसानं विचारलं की कुणालाच काही येत नाही, कारण हात वर केला की काम गळ्यात पडतं.

शेवटी भाच्याला कॅप्टन आठवले. पांढऱ्याशुभ्र मिशांचे, भाडेकरार करून देणारे वकील. सगळं ऑफिस त्यांना कॅप्टन म्हणायचं, म्हणजे माणूस नक्की दर्यावर्दी, असा भाच्याचा हिशोब. वास्तविक ते ऑफिसच्या कॅरम टीमचे कॅप्टन होते.

"कॅप्टन, नाव बुडालीय. तुम्हीच जाणकार."

कॅप्टननी मिशीवरून हात फिरवला. उभ्या आयुष्यात त्यांना कुणी जाणकार म्हटलं नव्हतं. नाही म्हणायचा त्यांना धीरच होईना. "माझ्याकडे आलास ते बरं केलंस," ते म्हणाले आणि जेवणाचा डबा बाजूला सारून होड्यांबद्दल मिळेल ते वाचत बसले.

दुपारी शेठ आणि शेठाणी आले. कॅप्टननी घसा खाकरला.

"नाव किती वर्षांपासून आहे?"

"आमच्या आजोबांपासून," शेठ म्हणाले.

"मग आज ना उद्या हे व्हायचंच होतं. वजन किती असेल?"

"काय सांगू साहेब! आमच्या नावाला वजन होतं, वजन!"

भाच्यानं 'वजन भरपूर' असं टिपून घेतलं.

"आणि हे केलं कुणी?"

"सख्ख्या भावानं हो!" शेठाणींनी डोळ्यांना पदर लावला. "आम्हाला दुसरं काही नको. आमचं नाव तेवढं पुन्हा वर काढा."

"क्रेन लावावी लागेल," कॅप्टन गंभीरपणे म्हणाले.

"जे लावायचं ते लावा," शेठ म्हणाले. क्रेन हे कायद्याचं एखादं जबरदस्त कलम असावं, असं त्यांना वाटलं.

भाच्याला केबिन समोर दिसू लागली. आता आपणही काहीतरी विचारावं, अशी त्याला हुक्की आली. "नावेत माणसं किती होती?"

"कुठल्या नावेत?"

"बुडालेल्या."

"अगंबाई!" शेठाणी ताडकन उठल्या. "आपली नाव बुडाली? आणि हे तुम्ही आत्ता सांगताय?" भाचा काही बोलायच्या आत त्यांनी तळ्यावर फोन लावला. "मुकादम, आपली होडी बुडालीय! सगळ्या होड्या काठाला घ्या! माणसं मोजा!"

मुकादम आज्ञाधारक. त्यानं हे सगळं शब्दन् शब्द लाउडस्पीकरवरून सांगितलं. काठावरची गिऱ्हाइकं पळत सुटली, होडीतली रडायला लागली आणि शेठचा फोन जो वाजू लागला तो थांबेना. पाहुणे, शेजारी, सहल रद्द करणारे शाळेचे सर. मग फोन आला तो भावाचा. "दादा, मी इतके दिवस ओरडत होतो, कुणी ऐकत नव्हतं. तू स्वतःच स्पीकरवर सांगितलंस, फार बरं केलंस!"

नेमके तेव्हाच मामा आत आले. घडलेलं सगळं ऐकताना त्यांचा चेहरा लाल होत गेला. कॅप्टन टेबलाखाली पेन शोधू लागले.

"उद्यापासून गाद्या!" मामा भाच्यावर कडाडले. "चालता हो!"

"थांबा वकीलसाहेब," शेठ कपाळाचा घाम पुसत म्हणाले. "माझा भाऊ अख्खा मोसम बोंबलतोय, त्याला जमलं नाही ते तुमच्या या पोरानं एका बैठकीत करून दाखवलं. नाव बुडवण्यातला याच्याइतका जाणकार दुसरा नाही. हा उद्या चिडून भावाच्या बाजूला गेला तर माझं काही खरं नाही. याला माझ्याच कामावर ठेवा. इथंच. तुमच्या डोळ्यांसमोर."

पक्षकाराचा शब्द! केबिन भाच्याला मिळाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी रंगारी आला. ब्रश हातात घेऊन त्यानं विचारलं, "साहेब, दारावर यांचं नाव घालू ना?"

भाच्यानं मोठ्या आशेनं मामांकडे पाहिलं.

"नाव?" मामा केवढे तरी दचकले. "खबरदार नावाला हात लावशील तर! नुसतं 'ढकला' लिही."